सक्शनचा आवाज

मिरजेतल्या एका दातांच्या दवाखान्यात इम्प्लांटचे, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूचे, प्राथमिक प्रशिक्षण देण्यासाठी गेलो, तो रविवार होता. ओपीडी बंद असल्यामुळे डॉक्टर, दोन असिस्टंट आणि रिसेप्शनवरची मुलगी असे चौघेही दिवसभर मोकळे होते. मी नेहमी सगळ्यांनाच बसवून घेतो. पण खरे सांगायचे तर त्या दिवसापर्यंत माझे सगळे बोलणे डॉक्टरांकडे तोंड करूनच चालत असे.

स्वीडनमधल्या लुंडमध्ये संशोधक ब्रॅनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियम सुटेना, तिथपासून १९६५ साली गोटेनबर्गमध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले तिथपर्यंतची हकिकत मी सकाळी रंगवून सांगितली. माझी ती आवडती स्लाइड आहे. असिस्टंटना मात्र जांभया आवरत नव्हत्या. त्यापेक्षा रिसेप्शनवरच्या मुलीशी झालेले बोलणे कामाचे ठरले. पेशंटला ‘शुगर आहे का’ एवढेच विचारून भागत नाही, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि हाडे ठिसूळ झाल्यावर देतात ती गोळी घेता का, हेही विचारायला हवे, असे मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, “ती आठवड्यातून एकदाच असते ना सर, म्हणून कुणी सांगतच नाही. आमच्या आजीचंही तसंच.” आणि तिने केसपेपरवर तिथल्या तिथे एक ओळ वाढवली.

दुपारी खाटकाकडून आणलेले बोकडाचे जबडे मांडले. हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंशांपर्यंत गेले तरी त्याला इजा होते, हे १९८३ साली गोटेनबर्गमध्येच सशांवरच्या प्रयोगांत दिसले होते. म्हणून ड्रिलवर सलाईनची धार अखंड हवी, दाब देऊन रेटायचे नाही, ड्रिल आतबाहेर करत राहायचे आणि बोथट झालेले ड्रिल बाजूला काढायचे. हाड भाजले तर इम्प्लांटला धरत नाही, आणि ते कळते कित्येक आठवड्यांनी, स्क्रू हलायला लागल्यावर. हे सगळे मी डॉक्टरांना समजावत असताना ते २ मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात करून पुढच्या मापावर आले होते. थोरली असिस्टंट सक्शन, म्हणजे साचलेले पाणी ओढून घेणारी नळी, धरून उभी होती. अकरा वर्षे याच दवाखान्यात काम केलेल्या या बाई दिवसभरात फारसे बोलल्या नव्हत्या.

मध्येच त्यांनी सक्शनची नळी जबड्यापासून जरा दूर धरली, कान दिल्यासारखे केले आणि पुन्हा जवळ नेली. ते माझ्या नजरेला पडले, पण मी बोलतच राहिलो. नंतर जळका वास आला. ड्रिल बाहेर काढले तर त्याच्या खाचांमधला हाडाचा भुगा तपकिरी पडला होता.

स्टँडवरची सलाईनची बाटली दोन्ही बाजूंनी आत चेपलेली होती. बाटलीत हवा शिरावी म्हणून वरून सुई टोचतात, ती मी टोचलीच नव्हती. मांडणी माझी, घाईही माझीच. थोडा वेळ पाणी आले आणि मग पंप नुसताच फिरत राहिला.

“तुम्हाला आधीच कळलं होतं का?” मी त्यांना विचारले.

“दुसऱ्या ड्रिललाच कळलं, सर. पाणी असलं की सक्शन गुळगुळ वाजतं, ते कोरडं वाजायला लागलं होतं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण तुम्ही दोघं बोलत होतात.”

डॉक्टर खाली बघत हातमोजे ओढत राहिले. मलाही काही सुचेना. ड्रिलचे टोक ज्याला दिसत नाही असा एकच माणूस त्या खोलीत सक्शन ऐकत होता, आणि त्याला बोलायची मुभा आहे की नाही हे सकाळपासून कुणी सांगितलेच नव्हते.

चहानंतरचा टॉर्क रेंचवरचा (स्क्रू ठरावीक जोराने आवळायच्या पान्यावरचा) तास मी आवरता घेतला. नवा जबडा लावून ड्रिलिंग पुन्हा सुरू केले, पण या वेळी सेट बाईंनी मांडला. प्रत्येक ड्रिल बदलल्यावर आधी ट्रेवर धार पाहायची, शंका आली की “थांबा” एवढेच म्हणायचे आणि कारण नंतर सांगायचे. तो शब्द ऐकला की डॉक्टरांनी ड्रिलच्या पेडलवरून पाय उचलायचा, असे ठरले. पहिल्यांदा म्हणताना बाईंचा आवाज इतका बारीक निघाला की धाकट्या असिस्टंटला हसू आले.

तिसऱ्या ड्रिलला त्या पुन्हा “थांबा” म्हणाल्या. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली, पण पाय उचलला गेला. बाईंनी बाटलीकडे पाहिले, नळी चाचपली, ट्रेवर धार सोडून पाहिली.

“पाणी आहे,” त्या म्हणाल्या. “चालू द्या, सर.”