कातडी मागे राहिली

रात्री अडीचला वॉर्डमधून फोन आला. नऊ नंबरच्या आजोबांना 'तिथे' सूज आलीय, संसर्ग वाटतो, अँटिबायोटिक सुरू करू का? 'तिथे' म्हणजे कुठे, हे फोनवर कुणी सांगत नाही.

चादर बाजूला केली आणि पोटात खड्डाच पडला. शिश्नाची पुढची कातडी मागे अडकलेली. टोकाखाली पाण्याने फुगलेलं कडं आणि त्यामागे दोऱ्याने आवळल्यासारखी खाच. पॅराफायमोसिस. फायमोसिसमध्ये कातडी मागे जात नाही; इथे मागे गेलेली पुढे येत नाही. फायमोसिसला सहसा सवड असते, याला नसते. घट्ट कडं परतणारं रक्त अडवतं, त्याने सूज वाढते, सुजेने कडं आणखी आवळतं आणि शेवटी टोकाचा रक्तपुरवठाच तुटतो.

लघवीची नळी कुणी घातली म्हणून नोंद पाहिली. जाडी १६ फ्रेंच, नळी आत धरून ठेवणाऱ्या फुग्यात १० मिली पाणी, ८०० मिली लघवी निघाली. अक्षर माझंच, आदल्या दुपारचं. नळी घालताना मागे घेतलेली कातडी नंतर पुढे आणल्याचं काही केल्या आठवेना.

टोकाचा रंग अजून गुलाबी होता, तेवढंच नशीब. बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावून थांबलो, मग ओल्या गॉजमध्ये सुजलेला भाग मुठीत धरून दाबायला लागलो. नवखे इथेच चुकतात, थेट कातडी ओढतात. आधी पाणी हटलं पाहिजे. घड्याळ बघत दहा मिनिटं सलग दाब, मूठ सैल सोडायची नाही. हाताला गोळे आले. कडं मऊ पडल्यावर दोन्ही अंगठ्यांनी टोक मागे ढकललं, बोटांनी कातडी पुढे घेतली. दुसऱ्या प्रयत्नाला ती सटकन जागेवर आली. नसती आली तर वरून छेद घ्यावा लागला असता. सर्जनला उठवून ठेवलंच होतं.

"संध्याकाळपासून दुखत होतं," आजोबा म्हणाले. "तुम्ही राउंडला आलात, पण बरोबर त्या शिकाऊ मुली होत्या."

मग हळूहळू बाकीचं निघालं. तीन वर्षांपासून कातडी घट्ट होत चाललेली, भेगा पडायच्या, लघवीला आग. मधुमेह जुना. साखर चढी राहिली की तिथे बुरशी होते, भेगा भरताना व्रण राहतात आणि कातडी आवळत जाते. वेळेत कळलं तर बऱ्याच जणांचं काही आठवडे स्टिरॉइड मलम लावून भागतं. त्यांचे डोळे तपासले, पाय तपासले. इथे कुणी पाहिलं नाही. दुपारी नळी घालताना मी पाहिलं होतं, घट्ट आहे म्हणून मनात चरफडलोही होतो, आणि लिहिलं काहीच नाही.

नळी मीच घातली होती, असं त्यांना सांगितलं. "असू द्या. आता झोप लागेल," एवढंच ते म्हणाले.

पहाटे घटनेचा अहवाल लिहायला बसलो. पहिलं वाक्य उतरलं ते असं: 'नळी घातल्यानंतर कातडी मागे राहिली.' जणू तीच आपणहून राहिली. ते खोडलं आणि लिहिलं, 'मी कातडी पुढे आणली नाही.'