मामीनं फ्रीजरमध्ये ठेवलेली इंजेक्शनं

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. त्यामुळं कंबर धरली की 'दुधातनं हळद घे' हा सल्ला किती जणांनी दिला असेल, मोजदाद नाही. दिवसभर हळदीची धूळ खाणाऱ्या माणसाला! सहा वर्षं मी स्लिप डिस्क समजून पट्टा बांधून हिंडलो. पहाटे चारला कंबर लाकडासारखी व्हायची आणि यार्डात दोन फेऱ्या मारल्या की सुटायची. "पडून राहिल्यावर वाढतं की चालल्यावर?" हे मला पहिल्यांदा विचारलं ते मिरजेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांनी. मग एमआरआय, एचएलए-बी27 ही रक्ताची तपासणी आणि वयाच्या 34 व्या वर्षी नाव कळलं: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याला सूज आणणारा संधिवात.

दोन तऱ्हेच्या गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा डॉक्टरांनी ॲडॅलिम्युमॅब सुचवलं. टीएनएफ नावाचं प्रथिन अंगातली सूज पेटती ठेवतं, हे औषध नेमकं त्यालाच पकडतं. 40 मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, पोटाच्या नाहीतर मांडीच्या कातडीखाली. 2014 च्या अखेरीस त्याचं देशी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, बाजारात आलं, म्हणून आमच्यासारख्यांना निदान भाव तरी विचारता येतो. तरी महिन्याचा आकडा माझ्या निम्म्या पगाराच्या वर. विमा कंपनीनं 'दवाखान्यात दाखल नव्हता' म्हणून क्लेम परत पाठवला. बायकोनं भिशी उचलली.

पैसे जमले तरी सुई लांबच. आधी टीबीची तपासणी. छातीचा एक्स-रे, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, आणि हातावर मॅन्टू, म्हणजे कातडीत टोचून करायची टीबीची चाचणी. तिसऱ्या दिवशी हात लालभडक. मी घाबरलो, तर सिस्टर म्हणाल्या, "लाली नाही मोजायची, गाठ मोजायची." त्यांनी बॉलपेन चारी बाजूंनी हळूहळू आत सरकवत आणलं. जिथं अडलं तिथं रेघ, मग पट्टी. 14 मिलिमीटर.

म्हणजे टीबी झालेला नव्हता, पण अंगात झोपलेला होता. त्याच्याभोवती शरीर भिंत घालून ठेवतं आणि ती भिंत टिकवायला तोच टीएनएफ लागतो. तो काढून घेतला की भिंत ढासळू शकते. म्हणून सहा महिने टीबीवरची आयसोनियाझिडची गोळी, जोडीला बी6 जीवनसत्त्व, मधनंमधनं लिव्हरची तपासणी. पहिला महिना निभावल्यावर इंजेक्शनला परवानगी. तो महिना मला सहा वर्षांपेक्षा लांब वाटला.

2019 च्या जूनमध्ये पहिली सुई घेतली. तिसऱ्या सुईनंतर एका सकाळी मी उठून चहा ठेवला आणि मग लक्षात आलं, की भिंतीला न धरता उठलो.

आणि ऑगस्टमध्ये कृष्णामाई आली. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर. आम्ही गावभागातले; वीज गेलेली, फ्रीज बंद. पुढची दोन इंजेक्शनं थर्मासमध्ये घालून, कागदपत्रांच्या आधी ती उचलून, मिरजेला मामांकडं गेलो. मामींच्या हातात दिली आणि "थंड ठेवा" एवढंच बोललो. चूक माझीच. 2 ते 8 अंश, हे सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीखाली सापडली. "बर्फात जास्त टिकंल वाटलं रे बाळा," मामी म्हणाल्या. डॉक्टरांना फोन लावला. एकदा गोठलं की वितळवूनही वापरायचं नाही, टाकून द्या. भिशीचे दोन हप्ते बर्फात गेले. पूर्वी हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात, हळद वर्षानुवर्षं राहायची, आणि हे औषध एका रात्रीत गेलं.

ती पाळी चुकली आणि पंधरवड्यात पहाटेची कंबर परत आली. पाणी ओसरल्यावर मेडिकलवाल्यानं नवीन मागवून दिलं. नोव्हेंबरात टीबीच्या गोळ्या संपल्या.

अजूनही मिरजेला मुक्कामी गेलो तर इंजेक्शन मामींच्याच फ्रीजमध्ये असतं, मधल्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी. रात्री झोपायच्या आधी मामी एकदा दार उघडून बघतात.