हजेरीपटावर तीसच बायका

प्रसूती लाभ अधिनियमाची २०१७ ची दुरुस्ती लागू झाल्यानंतर अंबडच्या एका कारखान्यात पाळणाघराच्या नियमाची पूर्तता मला तपासायची होती. आधी जुने हजेरीपट मागवले. कामगार वर्षागणिक वाढलेले, बायका मात्र तीसच. एक सोडून गेली की दुसरी यायची. एकतिसावी कधी नाहीच.

याचं मूळ कायद्यात होतं. कारखाने अधिनियम १९४८, कलम ४८ : तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं. पूर्वी हा आकडा पन्नास होता, १९७६ ला तीसवर आणला. हेतू चांगला, पण मोजायच्या फक्त बायका. त्यामुळे भरतीचं दार उलट लवकर बंद व्हायला लागलं. आईच्या सोयीची अट बाईलाच नोकरी नाकारायला वापरली गेली, याचा मला आजही संताप येतो.

२०१७ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ११अ पन्नास कर्मचारी मोजायचं, पुरुष धरून (नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे). बायका कमी ठेवून आता सुटका नाही. चर्चा झाली ती प्रसूती रजेची. माझ्या मते खरं मोल या मोजणीचं आहे.

रजा पहिल्या दोन मुलांसाठी बारावरून २६ आठवडे झाली. त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. बाई ईएसआयत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर पैसे महामंडळ देतं. पगार २१ हजारांच्या वर असला की भार मालकावर : २८ हजार पगाराला साधारण एक लाख ६८ हजार. बापाला मात्र खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. म्हणूनच सुपरवायझरच्या मुलाखतीत "लग्न कधी करणार?" हे फक्त मुलींना विचारतात.

पाळणाघराची नोंदवही छापून आली. त्यात रकाना 'आईचे नाव'. सीएनसी यंत्रावरच्या एका ऑपरेटरने विचारलं, "मॅडम, बायको हॉस्पिटलात नर्स आहे. पोरीला मी आणलं तर चालेल का?" कलमात पाळणाघराला दिवसाला चार भेटी देण्याची मुभा स्त्रीला होती, बापाचा उल्लेख नव्हता. पण मनाईही नव्हती. रकाना 'पालकाचे नाव' करायला लावला, चार भेटी पालकाला मिळतील अशी सूचना फलकावर लावून घेतली. तरी अडलंच : पहिली पाळी सातला आणि पाळणाघर उघडणार साडेआठला. मग मुलं सांभाळणाऱ्या ताईंची ड्यूटी दोन पाळ्यांत विभागून पाळणाघर पावणेसातला उघडायचं ठरलं.