ग्लूटेन बंद, तरी जुलाब थांबेनात

आज दिवसभर सीलिॲकच्या (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार) बायोप्सी रिपोर्टांवर चर्चा झाली. त्यातलं एक सांगायलाच हवं.

१२ महिने काटेकोर पथ्य पाळूनही जुलाब, घटतं वजन आणि लहान आतड्यातल्या व्हिलायची (अन्न शोषणाऱ्या बारीक उंचवट्यांची) झीज कायम असेल, तरी लगेच 'रिफ्रॅक्टरी सीलिॲक'चा, म्हणजे पथ्याला दाद न देणाऱ्या सीलिॲकचा, शिक्का नको. आधी लपलेलं ग्लूटेन शोधा: सॉस, गोळ्या, गव्हासोबत दळलेलं पीठ. बहुतेकदा कारण तिथेच सापडतं.

नाही सापडलं, तर रिफ्रॅक्टरी सीलिॲकचा प्रकार ठरवणं फार महत्त्वाचं. प्रकार १ मध्ये आतड्याच्या अस्तरातल्या लिम्फोसाइट पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नेहमीसारख्या असतात. प्रकार २ मध्ये त्यांच्या पृष्ठभागावरचं सीडी३ हे प्रथिन नाहीसं होतं आणि एकाच पेशीची पिलावळ वाढते. लिम्फोमाचा (लिम्फोसाइटच्या कर्करोगाचा) खरा धोका इथे.

ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड दिलं तर कॅप्सूल उघडून देतात. अख्खी गिळली तर औषध आतड्यात फार खाली सुटतं आणि आजार असतो वर, ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात).

या आजारात आतड्यात व्रण झाले असतील, तर ते भरताना आतडं आकसू शकतं. म्हणून कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळण्याआधी सीटी किंवा एमआर एन्टेरोग्राफी (लहान आतड्याचं स्कॅन) करावी, नाहीतर ती अडकू शकते.

ताप, रात्रीचा घाम, नव्याने पोटदुखी, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरणं: यातलं काही दिसलं तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका.