माळकरी नाहीतर बेवडा, मधलं कुणी नाहीच

आमच्या मराठवाड्यात दारूच्या बाबतीत माणसाला दोनच खाने, एक माळकरी अन् दुसरा बेवडा. महिन्यातून एकदा ढाब्यावर दोन पेग घेऊन गुमान घरी येऊन झोपणारा हिशोबातच नाही, म्हणून तो बिचारा बडीशेप चावत मागच्या दारानं घरात शिरतो. आग्रह झाला अन् "मला नको" म्हणलं तर समोरचा अर्धा तास डोकं खातो, "माळ घातलीय" म्हणलं की विषय कट!

याला कुणी आपली जुनी संस्कृती म्हणलं की मला हसू येतं. सातव्या शतकात पुलकेशी दुसरा राज्यावर असताना ह्युएनत्संग नावाचा चिनी प्रवासी महाराष्ट्रात येऊन गेला, तो लिहितो की इथल्या राजाकडं काहीशे लढवय्ये होते अन् लढाईला निघायच्या आधी ते दारू पिऊन तर्र व्हायचे, वर हत्तींना पण पाजायचे. हत्तींना, बोला आता. अजिंठ्याला एक नंबर लेणीत छताकडं बघा, परदेशी टोप्यांवाले प्याले घेऊन निवांत बसलेत, अन् विहार कुणाचा तर दारू वर्ज्य सांगणारं पंचशील पाळणाऱ्या भिक्खूंचा.

पण माझा सगळ्यात आवडता किस्सा औरंगजेबाचा, जो इथंच खुलताबादला पुरलाय. मनूची नावाचा इटालियन तेव्हा दरबाराच्या आसपास होता, त्यानं लिहून ठेवलंय की बादशहा एकदा वैतागून म्हणाला, अख्ख्या हिंदुस्थानात न पिणारे दोघंच, एक मी अन् दुसरा काजी अब्दुल वहाब. त्यावर मनूची म्हणतो, काजीबद्दल बादशहा चुकला, कारण त्याला रोज एक बाटली मीच गुपचूप पाठवायचो. आता काळी कॅरीबॅग असते, एवढाच काय तो फरक.

सरकारचं पण तेच. 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, प्यायला परवाना लागतो (तुम्ही कुणाकडं बघितलाय का?) अन् इकडं वाळूज-चिकलठाण्याला बिअरचे कारखाने जोरात. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली तेव्हा या कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांपर्यंत तोडायला औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला, आपणहून एवढी कपात कुणाला सुचली नाही.

याचा खरा भार सोसतात बायका. नवरा दोनवर थांबला काय अन् गटारीत पडला काय, शेजारी बोलणार एकच, मग त्यांनी तरी "थोडी चालते" हे का ऐकून घ्यावं? म्हणून आडव्या बाटलीचं मतदान (आडवी बाटली म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद, उभी म्हणजे चालू) मला पटतं, पण त्यातला नियम जरा नीट वाचा. दुकान बंद करायला आलेल्या मतांच्या नाही, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात, म्हणजे जी आलीच नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. आता हेच मतदान दिवाळीनंतर ठेवलं अन् बीडकडच्या एखाद्या गावातल्या निम्म्या बायका तेव्हा कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेल्या असल्या, तर ते दुकान कोण बंद करणार?