नागरिकशास्त्राचा तास

हीरक महोत्सवी अंकासाठी लिहिण्याचे पत्र आले, तेव्हा शाळेच्या साऱ्याच आठवणी सांगाव्यात असे मनात होते; परंतु लिहायला बसल्यावर नागरिकशास्त्र शिकवणारे आपले सर आणि त्यांच्या बोलण्यात सतत येणारे प्रा. एन. डी. पाटील यांच्याखेरीज दुसरे काही सुचेना.

सर साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात कर्मवीर अण्णांच्या (भाऊराव पाटलांच्या) ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकलेले. वाळवा तालुक्यातील ढवळीच्या शेतकरी घरातून आलेले एन. डी. त्याच सुमारास तेथे प्राध्यापक होते. पुढे ते इस्लामपूरच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, शेतकरी कामगार पक्षातर्फे विधान परिषदेत गेले; तरी आमच्या सरांच्या लेखी ते अखेरपर्यंत ‘आमचे प्राध्यापक’च राहिले.

१९७८ च्या पावसाळ्यात पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दलाचे) मंत्रिमंडळ आले आणि एन. डी. सहकारमंत्री झाले. सरांनी शिक्षकखोलीतले वर्तमानपत्र वर्गात आणून खातेवाटपाची बातमी मोठ्याने वाचायला लावली. मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, “सर, ते आपल्या मतांवर निवडून आलेले नाहीत, मग मंत्री कसे?” सर रागावले नाहीत. पुढचा सारा तास त्यांनी विधान परिषदेवर घेतला: आमदार आणि स्थानिक स्वराज्य संस्था प्रत्येकी एकतृतीयांश सदस्य कसे निवडतात, पदवीधर व शिक्षक यांचा वाटा प्रत्येकी एकबारांश का, राज्यपाल कोणाला नेमतात. घंटा झाली तरी फळ्यावरचे अपूर्णांक त्यांनी पुसू दिले नाहीत. इंग्रजीचे सर दारात ताटकळले, हे येथे नमूद केलेले बरे.

त्या तासाने माझी वाट ठरली, असे मी मानतो. सहकार खात्यात लागून सहायक निबंधक म्हणून मी निवृत्त झालो. एन. डी. १९८५ मध्ये कोल्हापुरातून विधानसभेवर निवडून गेले, १९९० पासून दीर्घकाळ अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन राहिले. शरद पवार त्यांचे मेहुणे. पण एन्रॉनचा वीजप्रकल्प असो वा रायगडचा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र), नात्यापायी त्यांनी आपला विरोध मवाळ केला नाही. सीमाभागातील मराठी माणसाची बाजू त्यांनी सोडली नाही आणि ऐंशी ओलांडल्यावरही कोल्हापूरच्या टोलविरोधी मोर्चात ते पुढे होते. विरोधात बसणे हेही काम असते, हे सरांनी आम्हाला याच माणसाकडे बोट दाखवून शिकवले. १७ जानेवारी २०२२ रोजी एन. डी. गेले. त्यापूर्वीच सर गेले होते.

नवी इमारत देखणी आहे, संगणककक्षही उत्तम आहे. मात्र नागरिकशास्त्राला आता इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी चार पाने मिळतात आणि वर्गात वर्तमानपत्र येत नाही, याचे मला वाईट वाटते. आमच्या तुकडीने आपसांत वर्गणी काढली आहे. मुख्याध्यापकांची संमती असल्यास येत्या जूनपासून आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात रोज एक मराठी दैनिक येईल. त्यातली बातमी मोठ्याने वाचण्यासाठी आठवड्यातून एक तास मात्र शाळेने द्यावा.