तुम्ही विचारलेत म्हणून : घरच्यांच्या जबानीला पुरावा म्हणावे का?

मी डॉक्टर, आणि कधीही न पाहिलेल्या माणसांच्या मृत्यूची कारणे त्यांच्या घरच्यांच्या जबानीवरून ठरवतो. ‘म्हणजे सगळे ऐकीवच ना?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला गेला आहे. ऐकीवच आहे. मात्र जिथे माणूस घरीच मरतो आणि दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिले जाते, तिथे तो दाखला अधिक भक्कम कसा, हेही कुणी सांगावे.

अशाच जबान्यांवर आधारलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने भारतात २००५ मध्ये सर्पदंशाने सुमारे ४५,९०० मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. त्यांतले जेमतेम २३ टक्के दवाखान्यांत झाले होते. बाकीचे रुग्णालयांच्या नोंदींत येणार कुठून? इथवर मी तावातावाने सांगतो. पुढचे सहसा सांगत नाही.

एका सर्वेक्षणात, पावसाळ्यात दगावलेल्या एका तरुण बाईची जबानी माझ्याकडे आली. जमिनीवर झोपलेली, पहाटे पोटात कळा, उलटी, दुपारच्या आत मृत्यू. मी ‘पोटाचा विकार’ लिहून पुढचा कागद ओढला. आमच्याकडे प्रत्येक जबानी दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचतात आणि मत जुळलेच नाही तर तिसरा निकाल देतो. दुसऱ्याने सर्पदंश लिहिला होता. अंगावर खूण नाही, साप कुणी पाहिलेला नाही, मी चिडलोच. मग कागद पुन्हा वाचला. सर्वेक्षकाने सासूचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते : “डोळं उघड म्हनलं तर म्हनली, उघडत न्हाईत. थुंकीबी गिळंना.” मण्यारीच्या दंशाची ही लक्षणे आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो, तो दंश झोपेत पुष्कळदा कळतही नाही. सासूने सगळे सांगितले होते. मी वाचले नव्हते.

त्यानंतर मी या पद्धतीचा कैवारी झालो, जरा जास्तच. २०१० मध्ये याच पद्धतीने भारतातल्या ७० वर्षांखालील मलेरियाबळींचा वार्षिक अंदाज २,०५,००० निघाला आणि निव्वळ तापाच्या वर्णनावरून मलेरिया ठरवता येत नाही, असा आक्षेप जागतिक आरोग्य संघटनेने घेतला, तेव्हा मी संघटनेला नावे ठेवली होती. आज ठेववत नाहीत. ताप टायफॉइडचाही असतो. तो कोणता, हे उशाशी बसलेल्या सासूला कसे दिसावे? त्यामुळे आता सांगणारा खरे बोलतो का, याआधी तो आजार त्याच्या नजरेला दिसण्याजोगा होता का, हे मी पाहतो. तरीही प्रत्येक जबानीत ही रेघ कुठे ओढायची, ते मला नेमके सांगता येत नाही.

त्या बाईच्या कागदावर तिसऱ्या डॉक्टरने सर्पदंशच कायम केला. साप मात्र कुणीच पाहिलेला नाही. नियमानुसार पहिला शेरा खोडता येत नसल्याने ‘पोटाचा विकार’ हे माझे अक्षरही तिथेच आहे.